काचेच्या टाकीऐवजी जुना दिवाण : जमिनीवरच्या कासवाचा घरातील निवारा

(वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे)

प्रश्न : आम्ही दोघे सेवानिवृत्त शिक्षक असून नाशिकच्या इंदिरानगर भागात दुसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहतो. पुण्यातील पुतण्या नोकरीनिमित्त परदेशी गेल्यामुळे त्याने पाळलेले सल्काटा जातीचे कासव आता आमच्याकडे आले आहे. त्याच्या नोंदणीची कागदपत्रे पुतण्याने सोबत दिली आहेत. कासवाच्या कवचाची लांबी १४ सेंटिमीटर आहे आणि सध्या ते धुण्याच्या प्लास्टिकच्या टबात वर्तमानपत्रावर राहते. पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात चौकशी केली असता तीन फुटी काचेची टाकी, जाळीचे झाकण, दिवे आणि तळाखाली ठेवण्याची गरम गादी असा संच अठरा हजार रुपयांना सांगण्यात आला. आमची तयारी सहा हजार रुपयांपर्यंत आहे. एवढ्या पैशांत कासवाला योग्य निवारा करता येईल काय?
— एक वाचिका, इंदिरानगर

उत्तर : येईल. किंबहुना दुकानदाराने सांगितलेल्या यादीतील सर्वांत महागडी वस्तू, म्हणजे काचेची टाकी, हीच आपल्या कासवाच्या सर्वांत कमी उपयोगाची आहे. या घोळाचे मूळ थोडेसे आपल्या भाषेतही आहे. विहिरीतले, नदीतले आणि माळरानावरचे अशा सर्वांना आपण सरसकट ‘कासव’ म्हणतो. कासव म्हटले की पाणी आणि पाणी म्हटले की काचेची टाकी, असा क्रम मग घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्याही मनात ठरून जातो. सल्काटा हे मात्र आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला पसरलेल्या साहेल या कोरड्या गवताळ पट्ट्यातील, पूर्णपणे जमिनीवर राहणारे कासव आहे. चालणे, चरणे आणि जमीन उकरणे हा त्याचा दिवसभराचा उद्योग असतो, त्यामुळे त्याच्या घराचे माप लिटरमध्ये न मोजता चौरस फुटांत मोजावे लागते. शिवाय काचेपलीकडची मोकळी जागा त्याला दिसते, परंतु मध्ये भिंत आहे हे उमगत नाही, म्हणून ते तासन्‌तास काचेला तोंड घासत आणि पाय मारत राहते. चारही बाजू अपारदर्शक असल्या की हा प्रकार बहुतेक थांबतो.

कासव पाळणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब असा आहे की, पेटीची लांबी कवचाच्या दहापट आणि रुंदी पाचपट तरी असावी. आपल्या कासवाला त्यानुसार १४० सेंटिमीटर लांब आणि ७० सेंटिमीटर रुंद जागा लागेल. दुकानातील तीन फुटी टाकी, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर लांबीची, आजच अपुरी आहे. याउलट आपल्याकडे घरोघरी असणारा, आत सामान ठेवण्याची सोय असलेला पेटीचा दिवाण सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद असतो, म्हणजे १८० सेंटिमीटर बाय ७५ सेंटिमीटर. घर बदलताना किंवा नवे फर्निचर करताना लोक असे दिवाण अक्षरशः भंगाराच्या भावाने देतात. माझा आग्रह असा की, नवीन पेटी सुताराकडून करून घेण्याआधी ओळखीच्यांत एक जुना दिवाण शोधावा. गादी काढून टाकावी, परंतु वरच्या प्लायच्या फळ्या मात्र जपून ठेवाव्यात, कारण त्यांचे काम पुढे येणार आहे. वाळवी लागलेला किंवा नुकतेच वाळवीचे औषध मारलेला दिवाण घेऊ नये. प्लायच्या कडा उकललेल्या असतील तर त्यांवर पट्ट्या ठोकून घ्याव्यात.

आता तळाकडे वळू. दिवाणाच्या तळाची प्लाय पातळ असते आणि ती कपड्यांचे वजन पेलण्यासाठी बसवलेली असते, ओली माती पेलण्यासाठी नव्हे. या पेटीत १० सेंटिमीटर जाडीचा थर घातला तर १३५ लिटर माती लागते आणि तिचे वजन १०० किलोच्या पुढे सहज जाते. तेव्हा दिवाणाचे पाय काढून तो सरळ फरशीवर ठेवावा, अथवा तळाखाली विटांच्या दोन-तीन रांगा रचाव्यात. माती घालण्यापूर्वी आतून प्लास्टिकचे अस्तर हवे, नाहीतर एका पावसाळ्यात प्लाय फुगून येईल. त्यासाठी शेततळ्याच्या प्लास्टिक कागदासारखी दुसरी वस्तू नाही. आपल्या जिल्ह्यात शेततळी इतकी झाली आहेत की, अस्तरीकरणानंतर उरलेला कागदाचा तुकडा निफाड, दिंडोरी किंवा सिन्नर भागातील कोणा ना कोणा ओळखीच्या शेतकऱ्याकडे पडलेला असतोच. तो नाही मिळाला तर वापरून झालेला फ्लेक्सचा फलक चालेल. वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा चेहरा खालच्या बाजूला करावा, एवढेच. अस्तर एकसंध असावे आणि ते भिंतींवर मातीच्या पातळीच्या किमान चार बोटे वर घेऊन तेथे पट्टीने दाबावे, म्हणजे कासवाच्या नखांना त्याची कड सापडत नाही.

मातीचे मिश्रण साधे असावे. अर्धी खत न घातलेली बागेची माती आणि अर्धा कोकोपीट घ्यावा. रोपवाटिकेत मिळणारी कोकोपीटची पाच किलोची वीट पाण्यात भिजवली की साधारण साठ-सत्तर लिटरपर्यंत फुलते, म्हणजे एक वीट आपल्याला पुरते. ती एकदा भिजवून, पिळून, पहिले पाणी टाकून द्यावे, कारण त्यात क्षार असू शकतात. निव्वळ वाळू घालू नये, कारण अन्नाबरोबर ती पोटात जाऊन आतडे तुंबते. खडी आणि सुताराकडचा भुसाही नको. प्लायच्या भुशात डिंक आणि रसायने असतात. वर्तमानपत्र तर लगेच काढून टाकावे, कारण गुळगुळीत कागदावर वाढत्या पिल्लाचे पाय बाहेरच्या बाजूला घसरत राहतात आणि कागद हवेतला ओलावाही धरून ठेवत नाही.

ओलाव्याचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगतो, कारण येथे जाणकारांचीही गफलत होते. सल्काटा वाळवंटाच्या कडेचे कासव असल्यामुळे त्याला कोरडे ठेवावे, असा समज बराच काळ होता. अशा कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या कवचावरील प्रत्येक खवला लहानशा पिरॅमिडसारखा उंच होतो आणि एकदा झालेला हा विद्रूपपणा पुन्हा सपाट होत नाही. प्रथिने जास्त दिल्यामुळे असे होते, असे मानले जाई. २००३ मध्ये व्हिएन्ना येथील संशोधकांनी याच जातीच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले की, हवेतील कोरडेपणा हे त्याचे मोठे कारण असून प्रथिनांचा वाटा त्यामानाने किरकोळ आहे. निसर्गातही ही पिल्ले दिवसाचा बराच काळ दमट बिळात काढतात. म्हणून मातीचा खालचा थर नेहमी ओलसर आणि वरचा थर जवळपास कोरडा राहील, असे पाणी एका कोपऱ्यातून ओतावे. वरून फवारा मारून सगळे चिखल करू नये. आडोशासाठी फुटका माठ किंवा रांजण उत्तम. कुंभाराकडे तडा गेलेला माठ नाममात्र किमतीत मिळतो. तो उभा अर्धा करून, कडा दगडावर घासून, पालथा निम्मा मातीत पुरावा आणि त्याच्या आतली माती इतर ठिकाणापेक्षा अधिक ओली ठेवावी. याशिवाय आठवड्यातून तीन-चार वेळा कासवाला पसरट भांड्यात हनुवटीपर्यंत येईल इतक्याच कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवावे. ते बहुधा तेथेच पाणी पिईल आणि तेथेच घाण करील, त्यामुळे पेटीही स्वच्छ राहते.

खरा खर्च उष्णता आणि प्रकाश यांवर करावा. माझ्या मते आपल्या सहा हजारांपैकी निम्मी रक्कम या दोन गोष्टींसाठी बाजूला काढावी आणि तिला दुसऱ्या कशासाठीही हात लावू नये. कासव स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करीत नाही. ते ऊन आणि सावली यांच्यात ये-जा करून अंगाचे तापमान सांभाळते आणि पोटातले अन्नही त्या उष्णतेवरच पचते. म्हणून पेटीचे एक टोक गरम आणि दुसरे थंड असायलाच हवे. गरम टोकाला शहाबादी फरशीचा एक-दीड फुटाचा तुकडा मातीत बसवावा आणि त्याच्या वर साधा ६० ते ७५ वॅटचा पिवळा तारेचा दिवा टांगावा. एलईडी दिवा येथे निरुपयोगी आहे, कारण त्याची ऊब खाली पोहोचत नाही. दिवा चिनी मातीच्या होल्डरमध्ये असावा आणि साखळीने टांगावा. वायरवर किंवा चिमट्यावर भरवसा ठेवू नये. माझ्याकडे एकदा चिमटा सुटून दिवा खाली पडला होता. सुदैवाने मी घरी होतो, तरी शेजारच्या प्लायवरचा काळा डाग अजून आहे. टांगण्यासाठी पाळण्याच्या चौकटीसारख्या दोन उभ्या फळ्या आणि त्यांवर एक आडवी पट्टी पुरते. दिव्याची उंची कमी-जास्त करून फरशीवर, कवचाच्या उंचीला, ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान मिळवावे, आणि दुसऱ्या टोकाला ते २६ ते २८ अंश असावे. रात्री दिवा बंद, परंतु ओलसर मातीत राहणाऱ्या पिल्लासाठी तापमान २४ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये.

मोजण्यासाठी लांब वायरचे दोन डिजिटल तापमापक घ्यावेत, एक गरम टोकाला आणि एक थंड टोकाला. करोनाच्या काळात घरोघरी आलेली कपाळाचा ताप पाहण्याची बंदूक येथे वापरू नये. ती माणसाच्या तापापुरती जुळवलेली असते आणि तापलेल्या फरशीवर भलताच आकडा दाखवते. दुकानदाराने सांगितलेली गरम गादी घेऊच नये. कासवाला ऊब सूर्याकडून, म्हणजे वरून मिळण्याची सवय असते. पोटाखालून येणारी जास्तीची उष्णता त्याला वेळेवर जाणवत नाही आणि ते जागेवरून न हलता भाजले जाऊ शकते.

दुसरी वस्तू म्हणजे यूव्हीबी, म्हणजे उन्हात असणारे एका प्रकारचे अतिनील किरण देणारी नळी. या किरणांमुळे कासवाच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. कवच मऊ पडणे, जबडा लवचिक होणे, पाय वाकडे होणे हे त्याचे परिणाम. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन कितीही लख्ख असले तरी यूव्हीबी किरण काचेत अडतात, त्यामुळे ‘आमच्या हॉलमध्ये भरपूर ऊन येते’ हे कासवाच्या दृष्टीने उत्तर नव्हे. सरळ लांब नळी घ्यावी. गुंडाळीच्या आकाराचा लहान दिवा स्वस्त पडतो, परंतु त्याचे किरण अगदी थोड्या जागेत पडतात. नळी गरम दिव्याच्या शेजारी, कासवाच्या पाठीपासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर असावी आणि मध्ये काच किंवा प्लास्टिक नसावे; बारीक जाळीसुद्धा बरेच किरण खाते. ही नळी वर्षभराने बदलावी लागते, जरी ती डोळ्यांना पूर्वीइतकीच उजळ दिसत असली तरी, कारण दिसणारा प्रकाश टिकून राहतो आणि न दिसणारे किरण आधी घटतात. तिच्यावर लावल्याची तारीख लिहून ठेवावी.

येथे नाशिककरांना एक मोठी सवलत आहे. ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत आपल्याकडे ऊन फुकट आणि मुबलक असते. बाल्कनीत काचेविना थेट ऊन येत असेल तर सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान अर्धा तास कासवाला तेथे सोडावे. अगदी सकाळचे कोवळे ऊन आपल्याला सुखद वाटते, पण सूर्य क्षितिजाजवळ असताना त्यात यूव्हीबी फारच थोडे असते. उन्हात सोडताना निम्म्या जागेवर सावली हवीच. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या टबात घालून उन्हात ठेवणे म्हणजे कासवाला शिजवणे होय. असा एक प्रसंग मी पाहिला आहे आणि तो सांगण्यासारखा नाही. गच्चीवर नेत असाल तर घारी, कावळे आणि मांजरे यांच्यामुळे तेथून हलू नये. असे ऊन नियमित मिळाले तरी जून ते सप्टेंबर या ढगाळ महिन्यांसाठी नळी लागतेच, तेव्हा तिला पर्याय शोधू नये.

विजेच्या बिलाची चिंता अनेकांना असते, म्हणून हिशेब देतो. ७५ वॅटचा दिवा दिवसाला बारा तास चालला तर ०.९ युनिट, म्हणजे महिन्याला २७ युनिट होतात. २४ वॅटची नळी तितकाच वेळ चालली तर महिन्याला नऊ युनिटांच्या आत राहते. दोन्ही मिळून सुमारे ३६ युनिट. हे दोन्ही दिवे एका साध्या टायमरवर लावावेत, म्हणजे सकाळी सात ते संध्याकाळी सात असा दिवस आपोआप होतो आणि कोणाला लक्षात ठेवावे लागत नाही.

राखून ठेवलेल्या प्लायच्या फळ्या आता कामी येतात. दिवसा थंड टोकावरची फळी लावलेली ठेवली की तेथे ओलावा टिकतो. रात्री दिवा पूर्ण थंड झाल्यावर गरम टोकावरचीही लावावी, हवेसाठी चार बोटांची फट तेवढी ठेवावी. दिव्याच्या खाली फळी कधीही येता कामा नये. पाण्यासाठी कुंडीखालची मातीची उथळ ताटली घ्यावी आणि ती काठापर्यंत जमिनीत बसवावी. कॅल्शियमसाठी जुन्या नाशकातील काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेनाचा, म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याच्या आतील कवचाचा, तुकडा आणून पेटीत टाकावा. कासव त्याला हवे तेव्हा कुरतडते. खाणे त्याच शहाबादी फरशीवर द्यावे, म्हणजे माती पोटात जात नाही आणि चोच व नखे घासली जातात.

आता दोन गोष्टी, ज्या आपण विचारलेल्या नाहीत. पहिली, कागदपत्रांची. सल्काटा ही जात साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार परिवेश २.० या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. ताबा बदलला तर त्याचीही नोंद करणे आवश्यक असते. कागद पुतण्याच्या नावाने आणि कासव आपल्या घरात, ही स्थिती तशीच राहू देऊ नये. दुसरी गोष्ट थोडी कठोर आहे. सल्काटा हे मुख्य भूमीवरील जगातील सर्वांत मोठे जमिनीवरचे कासव असून पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ४० ते ५० किलो किंवा त्याहूनही अधिक होते आणि ते पन्नास वर्षांहून जास्त जगू शकते. वर सांगितलेला दिवाण लांबीच्या हिशेबाने कवच १८ सेंटिमीटरचे होईपर्यंत, म्हणजे वर्ष-दोन वर्षे पुरेल; रुंदी त्याआधीच थोडी कमी पडू लागेल. त्यानंतर त्याला जमीन लागेल, आणि दुसऱ्या मजल्यावर जमीन नसते. तळमजल्यावर अंगण असलेला, प्राण्यांची आवड असलेला आणि वयाने आपल्यापेक्षा लहान असा नातेवाईक आतापासूनच शोधावा. आपण सेवानिवृत्त आहात म्हणून हे लिहितो, असे समजू नये. तिशीतल्या माणसालाही मी हेच लिहिले असते.

प्रश्न : आमच्याकडे पाच वर्षांपासून पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले एक कासव आहे. वास्तूसाठी शुभ म्हणून ते एका ओळखीच्या व्यक्तीकडून घेतले होते. ते अंधाऱ्या खोलीत पेटीखाली बसून असते. त्याच्यासाठी कमी खर्चात चांगली पेटी कशी करावी?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : आपण पेटी करू नये. आपल्याकडे असलेले कासव वर्णनावरून भारतीय तारा कासव आहे. ते आपल्याच देशातील वन्य प्राणी असून १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतील प्राणी घरात बाळगण्यासाठी तीन ते सात वर्षांच्या तुरुंगवासाची आणि किमान पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे. परदेशी प्राण्यांसाठी असलेली नोंदणीची सोय त्याला लागू होत नाही, म्हणून त्याच्यासाठी चांगला निवारा म्हणजे वनविभागाच्या ताब्यातील निवाराच होय. वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर स्वतःहून कळवावे.

भीतीपोटी अनेक जण एक गोष्ट करतात, ती मात्र करू नये : ते रामकुंडात, गंगापूर धरणात किंवा एखाद्या देवळाच्या बारवेत सोडू नये. तारा कासव जमिनीवरचे आहे, त्याला पोहता येत नाही. पुण्य म्हणून पाण्यात सोडलेले असे कासव बुडून मरते. पांडवलेणीच्या किंवा अंजनेरीच्या डोंगरात सोडणेही योग्य नाही, कारण पाच वर्षे घरात राहिलेला प्राणी कोणते आजार सोबत नेईल हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. ते सुपुर्द होईपर्यंत त्याला कोरड्या, उजेडाच्या जागी पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात ठेवावे आणि पोळी, भात, दूध हे काहीही न देता हराळी व जास्वंदीची पाने द्यावीत.

प्रश्न : माझ्याकडे नोंदणीकृत सल्काटा असून त्याला लाकडी पेटीत ठेवले आहे. गेल्या थंडीत आमच्या भागात रात्री दोनदा वीज गेली आणि सकाळी कासव दगडासारखे थंड लागले. नंतर आठवडाभर त्याच्या नाकातून बुडबुडे येत होते. हिवाळ्यात कासवे झोपी जातात असे वाचले आहे, तर मग काळजीचे कारण आहे काय?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : काळजीचे कारण आहे. हिवाळाभर झोपी जाणारी कासवे मुख्यतः युरोप आणि मध्य आशियासारख्या थंड हिवाळ्याच्या प्रदेशांतील आहेत. सल्काटा त्यांपैकी नाही. नाकातून बुडबुडे येणे हे श्वसनसंस्थेच्या संसर्गाचे लक्षण असते आणि आता ते थांबले असले तरी परदेशी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाला एकदा दाखवावे. कासवाला खोकता येत नाही, त्यामुळे छातीत साचलेले बाहेर पडत नाही आणि आजार आतल्या आत वाढतो.

नाशिकची थंडी लोक कमी लेखतात. डिसेंबर-जानेवारीत राज्यातील नीचांकी तापमानांमध्ये निफाडचे नाव दरवर्षी येते आणि देवळालीच्या मोकळ्या माळावर परिस्थिती फारशी वेगळी नसते. ओलसर आणि उबदार हवा कासवाला मानवते, कोरडी आणि थंड ते काही काळ सोसते. ओली आणि थंड मात्र त्याला आजारी पाडते. म्हणून थंडी सुरू होताच पेटीतील पाणी थोडे कमी करावे, बाहेरच्या चारही भिंतींना आणि तळाला थर्माकोलचे जाड तुकडे चिकटवावेत, आणि रात्रीसाठी ६० ते १०० वॅटचा, प्रकाश न देणारा चिनी मातीचा उष्णक तापनियंत्रकावर लावावा. हा तापनियंत्रक पाळीव प्राण्यांच्या दुकानातून घेण्याची गरज नाही. कोंबडीपालनाचे साहित्य विकणाऱ्यांकडे अंडी उबवण्याच्या यंत्रासाठी जो लहान डिजिटल तापनियंत्रक मिळतो, तेच काम तो पुष्कळ कमी पैशांत करतो. वायरिंग तेवढे जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे. त्याची संवेदक वायर कासवाच्या झोपण्याच्या जागी, जमिनीपासून दोन बोटे वर असावी. उन्हाळ्यात हाच तापनियंत्रक दिवसाच्या दिव्याला जोडला तर मे महिन्याच्या चाळीस अंशांत दिवा उगीच पेटत नाही.

वीज जाण्यासाठी तयारी अशी : घरात इन्व्हर्टर असेल तर ६० वॅटचा उष्णक त्यावर सहज चालतो. नसेल तर मासे किंवा आइस्क्रीम भरून येतो तसा थर्माकोलचा झाकणाचा खोका मिळवून ठेवावा, झाकणाला चार छिद्रे पाडावीत, गरम पाण्याच्या दोन बाटल्या जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दोन बाजूंना ठेवाव्यात आणि मध्ये कोरड्या फडक्यावर कासव ठेवावे. रात्र त्यात निभावते. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी चारनंतर खायला देऊ नये, कारण अंग थंड पडले की पचन थांबते आणि पोटातला पाला तसाच कुजत राहतो.

प्रश्न : आमची ओझरजवळ द्राक्षबाग आहे. मुलाने घेतलेल्या सल्काटासाठी बागेतील रिकामे प्लास्टिकचे क्रेट जोडून पेटी करावी आणि छाटणीत निघणारा द्राक्षाचा पाला त्यात अंथरावा, असा विचार आहे. दोन्ही वस्तू घरच्याच असल्याने खर्च काहीच नाही. हे योग्य ठरेल काय?
— एक शेतकरी वाचक, ओझर

उत्तर : क्रेटविषयी आधी. त्यांच्या भिंतींना आणि तळाला जाळी असते. त्या भोकांत पिल्लाचा पाय किंवा डोके अडकते आणि ते सोडवून घेण्याच्या धडपडीत इजा होते. तीन-चार क्रेट जोडले तरी मध्ये उंबरे राहतात आणि सलग चालायला जागा मिळत नाही. आपल्याकडे शेत आहे, तर जुन्या फळ्यांची सहा फूट बाय तीन फुटांची, दीड फूट उंचीची चौकट ठोकून घेणे सोपे. एक क्रेट मात्र राखून ठेवावा : आतून गोणपाट लावून, एक बाजू कापून, तो पालथा घातला की चांगला आडोसा होतो.

पाल्याबाबत आपला विचार मुळात चुकीचा नाही. द्राक्षाचा पाला कासवाच्या उत्तम खाद्यांपैकी एक आहे आणि एप्रिलच्या खरड छाटणीत तो ढिगाने निघतो. अडचण पाल्याची नसून फवाऱ्यांची आहे. बोर्डो मिश्रणापासून आंतरप्रवाही बुरशीनाशकांपर्यंत आपण काय काय आणि किती वेळा मारतो, हे आपल्या फवारणीच्या वहीत आहेच. शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये सोडायचा काळ घडांसाठी ठरवलेला असतो. छाटणीच्या वेळच्या पानांचा विचार त्यात नसतो, आणि आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शोषले गेलेले, औषध धुऊन जात नाही. शेकडो ग्रॅम वजनाच्या, रोज तीच पाने खाणाऱ्या प्राण्यासाठी तो धोका पत्करू नये. बागेच्या कडेची हराळीसुद्धा त्याच कारणाने नको.

याऐवजी बागेतील एक काडी घराच्या मागे, फवाऱ्याची झुळूक पोहोचणार नाही अशा ठिकाणी लावून मांडवावर चढवावी. शेवगा, तुती आणि जास्वंद शेजारी असतील तर वर्षभराचा पाला घरचा होतो. बांधावरच्या फड्या निवडुंगाचे कोवळे पान काटे जाळून आणि सोलून देता येते. लसूणघास जनावरांसाठी असेल तर तो आठवड्यातून एखाद्या वेळी चिमूटभर द्यावा, कारण त्यात प्रथिने फार. सल्काटाच्या ताटात बहुतांश वाटा साध्या गवताचाच असावा.

आणि पाला अंथरण्याऐवजी पेटीत गवत पिकवावे. रोपवाटिकेचे दोन उथळ ट्रे घेऊन दोन्हींत हराळीच्या काड्या लावाव्यात. एक ट्रे पेटीतील मातीत काठापर्यंत बसवावा आणि दुसरा उन्हात वाढू द्यावा. पहिला खाऊन बोडका झाला की आदलाबदल करावी. मुळे शाबूत असतील तर हराळी पंधरवड्यात पुन्हा हिरवी होते. फक्त ट्रे बाहेर काढण्यापूर्वी कासव त्याच्या खाली उकरून बसलेले नाही ना, हे हाताने चाचपून पाहावे.